प्रजाती आणि जाती : जीवशास्त्रीय वर्गीकरणातील एका नात्याची चिकित्सा

गोषवारा

जीवशास्त्रीय वर्गीकरणात प्रजाती ही मोठी आणि जाती ही तिच्या पोटातील लहान पायरी असे सामान्यतः शिकविले जाते. प्रस्तुत लेखात या समजुतीची चिकित्सा केली आहे. या दोन पायऱ्या एकाच प्रकारच्या नाहीत. जातीचे नाव प्रजातीवर अवलंबून असते. जातीचे अस्तित्व मात्र प्रजातीवर अवलंबून नसते. बाभूळ आणि शिंदळ माकुडी या दोन वनस्पतींच्या नामांतराच्या आधारे हे प्रतिपादन केले असून मराठी परिभाषेतील गोंधळाचाही विचार केला आहे.

प्रास्ताविक

पदवीच्या प्रथम वर्षाच्या उत्तरपत्रिका तपासताना एक चूक दरवर्षी हमखास आढळते. 'प्रजाती म्हणजे काय?' या प्रश्नाला विद्यार्थी 'आपसांत प्रजनन करून प्रजननक्षम संतती निर्माण करणाऱ्या जीवांचा समूह' असे उत्तर लिहितात. उत्तर नीट पाठ केलेले असते, परंतु ते दुसऱ्याच प्रश्नाचे असते. ही व्याख्या जातीची आहे, प्रजातीची नव्हे. शिक्षक अशा उत्तराला शून्य गुण देतो. प्रस्तुत लेखकानेही ते दिलेले आहेत. मात्र त्याच विद्यार्थ्याने सकाळी वर्तमानपत्रात 'सह्याद्रीत पालीच्या नव्या प्रजातीचा शोध' अशा धर्तीचा मथळा वाचलेला असतो आणि तेथे 'प्रजाती' हा शब्द जातीच्याच अर्थाने छापलेला असतो. म्हणजे विद्यार्थी चुकला असे म्हणण्यापूर्वी आपण त्याला कोणती भाषा आणि कोणती कल्पना दिली, हे तपासणे अगत्याचे ठरते.

ही तपासणी दोन पातळ्यांवर करावी लागते. पहिली पातळी शब्दांची, दुसरी संकल्पनेची. शब्द दुरुस्त केल्याने संकल्पना आपोआप स्पष्ट होत नाही. परंतु शब्द चुकीचा असेल तर संकल्पनेपर्यंत पोहोचताच येत नाही. म्हणून प्रारंभ शब्दांपासून करणे सोयीचे होईल.

१. परिभाषेचा प्रश्न

मराठी विश्वकोशात आणि बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत 'जीनस' या संज्ञेसाठी 'प्रजाती' आणि 'स्पीशीज' या संज्ञेसाठी 'जाती' हे शब्द रूढ आहेत. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती अशी ही उतरंड आहे. काही लेखक 'जीनस'साठी 'वंश' हा शब्दही वापरतात. हिंदीत 'वंश' हाच शब्द 'जीनस'साठी प्रचलित असून तेथे सामान्य लेखनात 'प्रजाति' म्हणजे स्पीशीज होय. एकाच लिपीतील, एकाच संस्कृत मुळाचा शब्द दोन शेजारी भाषांत दोन वेगळ्या पायऱ्या दाखवितो. मराठी वृत्तलेखनातील गोंधळाचे एक कारण येथे असावे.

दुसरे कारण मराठीच्या अंतर्गत आहे. 'शाखा-प्रशाखा', 'पौत्र-प्रपौत्र' या जोड्यांत 'प्र' उपसर्ग लागलेला शब्द मूळ शब्दाच्या पुढची, त्यातून फुटलेली अवस्था दाखवितो. त्यामुळे 'जाती-प्रजाती' ही जोडी कानावर पडताच प्रजाती ही जातीतून फुटलेली लहान शाखा असावी, असाच बोध होतो. वर्गीकरणात हे नाते नेमके उलटे आहे. विद्यार्थ्याची भाषिक जाण येथे त्याला दगा देते.

तिसरे कारण अधिक नाजूक आहे. 'जाती' हा शब्द आपल्या समाजात एका वेगळ्याच अर्थाचे ओझे वाहतो. ते ओझे टाळण्यासाठी अनेकजण नकळत 'प्रजाती' या शब्दाकडे वळत असावेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते. हा संकोच समजण्याजोगा आहे; तथापि तो टाळण्यापेक्षा उघडपणे हाताळणे हिताचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात अंतर्विवाह हे जातिसंस्थेचे मर्म असल्याचे दाखविले. तेथील बंधन समाजाने लादलेले आहे. जीवशास्त्रीय जातींमधील प्रजननाचा अडसर निसर्गात असतो. सर्व माणसे होमो सेपियन्स या एकाच जातीची आहेत. वर्गात जातीची व्याख्या शिकविताना हे एक वाक्य स्पष्टपणे उच्चारले पाहिजे. अन्यथा शब्दसाम्यामुळे सामाजिक भेदाला विज्ञानाचा आधार असल्याचा भास निर्माण होऊ शकतो.

प्रस्तुत लेखात यापुढे 'प्रजाती' म्हणजे जीनस आणि 'जाती' म्हणजे स्पीशीज हाच संकेत पाळला आहे.

२. तर्कशास्त्राचा वारसा

जीनस आणि स्पीशीज या संज्ञा जीवशास्त्राने निर्माण केलेल्या नाहीत. त्या तर्कशास्त्रातून आल्या. ॲरिस्टॉटलने 'गेनोस' आणि 'एइदोस' या संज्ञा सापेक्ष अर्थाने वापरल्या आणि पॉर्फिरीने तिसऱ्या शतकात त्यांची पद्धतशीर मांडणी केली. 'प्राणी' हा वर्ग 'सजीव' या वर्गाच्या खाली येतो, पण 'मनुष्य' या वर्गाच्या वर असतो. म्हणजे तोच वर्ग एका बाजूने स्पीशीज आणि दुसऱ्या बाजूने जीनस ठरतो. आपल्याकडील वैशेषिक दर्शनातील पर-सामान्य आणि अपर-सामान्य ही विभागणी याच धर्तीची आहे. 'सत्ता' हे सर्वांत व्यापक सामान्य, 'द्रव्यत्व' हे सत्तेच्या तुलनेत अपर, तर 'पृथ्वीत्व' या सामान्याच्या तुलनेत पर मानले जाते.

या परंपरेत वरच्या वर्गात व्यवच्छेदक गुणधर्म मिळविला की खालच्या वर्गाची व्याख्या सिद्ध होते. मनुष्य म्हणजे विवेकशील प्राणी, ही व्याख्या याच पद्धतीची. येथे खालचा वर्ग वरच्या वर्गाशिवाय समजूच शकत नाही. जीवशास्त्राने या दोन संज्ञा उचलल्या, त्यांची सापेक्षता काढून टाकली आणि त्यांना उतरंडीतील दोन ठरावीक जागांवर बसविले. परंतु 'वरच्याने खालच्याची व्याख्या होते' हा संस्कार मात्र मागे उरला. आजही वर्गात प्रजाती आधी आणि जाती नंतर शिकविली जाते, ती या संस्काराची खूण म्हणता येईल.

३. नामकरणाची सोय आणि तिची किंमत

मनुष्याला प्रजाती आणि जाती असा भेद करण्याची गरज केव्हा पडली? मानवशास्त्रज्ञ स्कॉट अट्रान यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात याचे विचार करण्याजोगे उत्तर दिले आहे. एका गावाच्या परिसरात बहुतेक ठळक प्रजातींची एखादीच जाती आढळते. त्यामुळे तेथे हा भेद करण्याचे कारणच उद्भवत नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपच्या उद्यानांत आणि शुष्कवनस्पती-संग्रहांत दूरदेशीच्या वनस्पती येऊ लागल्या, तेव्हा ओळखीच्या वनस्पतीसारख्या पण वेगळ्या वनस्पतींची गर्दी झाली आणि त्यांना एका नावाखाली आणण्याची निकड भासली.

लोकभाषेचा अनुभवही असाच आहे. वड, पिंपळ आणि उंबर या तिन्ही वृक्षांचा समावेश वनस्पतिशास्त्र फायकस या एकाच प्रजातीत करते. मराठीत मात्र तिघांची तीन स्वतंत्र नावे आहेत. उलट बाभूळ, देवबाभूळ, सुबाभूळ ही नावे मूळ शब्दापुढे विशेषण जोडून सिद्ध झाली असली, तरी सुबाभूळ ही ल्युसिना या निराळ्याच प्रजातीतील आहे. लोकभाषा साम्याची नोंद ठेवते, परंतु ते साम्य नात्याचेच असते असे नाही.

तूर्नफॉर याने १७०० च्या सुमारास वनस्पतींच्या प्रजातींची स्पष्ट वर्णने सिद्ध केली आणि लिनीअसने या पायावर आपली इमारत उभारली. प्रजाती आणि जाती या दोन्ही निसर्गाच्या कृती आहेत, वर्ग आणि गण यांत मात्र मानवी रचनेचा भाग आहे, अशी त्याची भूमिका १७५१ च्या 'फिलॉसॉफिया बोटॅनिका' या ग्रंथात दिसते. १७५३ च्या 'स्पीशीज प्लांटारम'मध्ये त्याने सुमारे सहा हजार वनस्पतींना द्विपद नावे दिली. पहिले पद प्रजातीचे, दुसरे जातिवाचक विशेषणाचे. लांबलचक वर्णनात्मक नावांच्या जागी आलेली ही सोय इतकी उपयुक्त ठरली की वनस्पतींच्या नामकरणाचा प्रारंभ १७५३ पासून आणि प्राण्यांच्या नामकरणाचा प्रारंभ लिनीअसच्याच १७५८ च्या ग्रंथापासून मानण्यात येतो.

या सोयीची किंमत मात्र पुढे लक्षात आली. द्विपद नावात कोणत्याही जातीचा उल्लेख तिच्या प्रजातीचे मत व्यक्त केल्याशिवाय करताच येत नाही. नाव हे ओळख पटविण्याचे साधन असते, म्हणून ते स्थिर असावे. वर्गीकरण हे ज्ञान असते, म्हणून ते बदलते असावे. लिनीअसच्या पद्धतीने या दोन्ही गोष्टी एकाच नावात बांधल्या. त्याच्या दृष्टीने प्रजाती निसर्गसिद्ध असल्यामुळे त्यात विसंगती नव्हती. आपल्या दृष्टीने ती आहे.

४. डार्विननंतरचे नाते

डार्विनने १८५९ मध्ये दोन्ही पायऱ्यांच्या निश्चिततेला धक्का दिला. प्रजाती हे सोयीसाठी केलेले कृत्रिम गट आहेत असे मानणारे निसर्गवादी प्रजातींकडे ज्या दृष्टीने पाहतात, त्याच दृष्टीने जातींकडेही पाहावे लागेल, असा त्याच्या विवेचनाचा रोख होता. पुढे एर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये जातीला पुन्हा भक्कम पाया दिला. प्रजननाच्या दृष्टीने इतरांपासून अलग असलेला नैसर्गिक समूह ही जातीची कसोटी निसर्गात तपासता येते. प्रजातीसाठी अशी कोणतीही कसोटी उपलब्ध नाही. दोन गटांत ठळक अंतर असावे एवढेच म्हणता येते. परंतु ते अंतर किती असावे, हे अभ्यासक ठरवितात.

विली हेनिग यांनी १९५० मध्ये जर्मन भाषेत आणि १९६६ मध्ये इंग्रजी अनुवादातून मांडलेल्या पद्धतीने प्रजातीवर एक अट घातली : गट एका पूर्वजापासून निघालेला असावा आणि त्या पूर्वजाचे सर्व वंशज त्यात सामावलेले असावेत. ही अट महत्त्वाची आहे. पण ती अपुरी आहे. वंशवृक्षाची कोणतीही अखंड फांदी ही अट पूर्ण करते. फांदी कोठे तोडून तिला 'प्रजाती' म्हणावे, हे वृक्ष सांगत नाही. ड्रोसोफिला या माश्यांच्या प्रजातीत दीड हजारांहून अधिक जाती आहेत. ॲसिनोनिक्स या प्रजातीत आज चित्ता ही एकच जाती हयात आहे. अशा दोन प्रजाती समान मापाच्या आहेत असे मानून केवळ प्रजातींच्या संख्येवरून दोन प्राणिगटांच्या विविधतेची तुलना करणे धोक्याचे होय. महाविद्यालयीन प्रकल्पांत अशी तुलना सर्रास आढळते.

५. बाभळीचे नामांतर

या नात्याचे उत्तम उदाहरण आपल्या बांधावरच उभे आहे. बाभळीला लिनीअसने १७५३ मध्ये मिमोसा निलोटिका हे नाव दिले. म्हणजे ती लाजाळूच्या प्रजातीत होती. मिलर याने १७५४ मध्ये ॲकेशिया ही प्रजाती स्वतंत्रपणे मांडली आणि पुढे बाभूळ ॲकेशिया निलोटिका झाली. ही प्रजाती विस्तारत जाऊन तिच्यात तेराशेहून अधिक जाती जमा झाल्या, त्यांपैकी नऊशेहून अधिक ऑस्ट्रेलियातील. पेडली यांनी १९८६ मध्ये तिचे विभाजन सुचविले आणि नंतरच्या रेणवीय पुराव्यांनी ती एका पूर्वजाचा अखंड गट नसल्याचे दाखवून दिले.

विभाजन अटळ ठरल्यावर 'ॲकेशिया' हे नाव कोणाकडे राहावे, असा प्रश्न उपस्थित झाला. नियमानुसार नाव नमुनेदार जातीबरोबर, म्हणजे बाभळीबरोबर राहावयास हवे होते. तसे झाल्यास ऑस्ट्रेलियातील शेकडो जातींची नावे बदलावी लागली असती. म्हणून ऑस्ट्रेलियातील एक जाती नमुनेदार ठरवावी, असा प्रस्ताव २००३ मध्ये आला. व्हिएन्ना येथील २००५ च्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत समितीच्या अनुकूल शिफारशीवर मतदान झाले. विरोधात निम्म्याहून अधिक मते पडली. पण शिफारस फेटाळण्यासाठी आवश्यक मानलेल्या साठ टक्क्यांपर्यंत ती पोहोचली नाहीत. मेलबर्न येथे २०११ मध्ये हा निर्णय कायम झाला. आज बाभूळ व्हॅचेलिया निलोटिका आहे, हिवर हाही व्हॅचेलियात आहे, खैर सेनेगालिया कॅटेचू झाला आहे. आणि रस्त्याच्या कडेने लावलेली ऑस्ट्रेलियन ॲकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस मात्र जुन्या नावाने नांदते आहे.

येथे दोन निर्णय वेगळे करून पाहावे लागतात. जुनी ॲकेशिया अखंड गट नव्हती, हा पुराव्याचा निष्कर्ष होता. नाव कोणी ठेवावे, हा मतदानाचा निकाल होता. या दोन्ही घडामोडींत बाभूळ या जातीविषयी कोणताही नवा प्रश्न उपस्थित झाला नाही. तिची साल, तिचा डिंक, तिच्या पिवळ्या फुलांचे गोंडे आणि नाईल नदीची आठवण सांगणारे 'निलोटिका' हे विशेषण, सर्व काही जेथल्या तेथे राहिले. तीन प्रजाती बदलल्या. जाती तीच राहिली.

प्राणिशास्त्रात अशाच प्रसंगी उलट निर्णय झाला. ड्रोसोफिलाचे विभाजन झाल्यास प्रयोगशाळेतील प्रसिद्ध ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर हिला सोफोफोरा म्हणावे लागेल, ही अडचण टाळण्यासाठी नमुनेदार जाती बदलण्याची विनंती करण्यात आली. आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोगाने २०१० मध्ये ती नाकारली. सारख्याच पेचात दोन शास्त्रांनी दोन निर्णय दिले, यावरून प्रजातीच्या नावात निसर्गाइतकाच मानवी निवाड्याचाही वाटा असतो हे स्पष्ट होते.

६. शिंदळ माकुडी : एकटीची प्रजाती?

दुसरे उदाहरण महाराष्ट्रापुरतेच मर्यादित आहे. पुणे-सातारा परिसरातील डोंगरकड्यांवर वाढणाऱ्या शिंदळ माकुडी या दुर्मीळ वनस्पतीचे वर्णन डालझेल यांनी १८६० च्या दशकात केले आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रेरे यांच्या नावावरून तिला फ्रेरिया इंडिका म्हटले. तिची मांसल खोडे कॅरालुमाच्या जवळची. पण पावसाळ्यात तिला रुंद, चपटी पाने येतात आणि जवळच्या वनस्पतींत ती नसतात. या वेगळेपणामुळे ती स्वतःच्या प्रजातीतील एकमेव जाती ठरली. रोली यांनी १९५८ मध्ये तिला कॅरालुमात हलविले. तेथे 'इंडिका' हे विशेषण आधीच दुसऱ्या वनस्पतीकडे होते. एका प्रजातीत तेच विशेषण दोन जातींना देता येत नाही. म्हणून ती कॅरालुमा फ्रेरेआय झाली. म्हणजे जे प्रजातीचे नाव होते, तेच जातीचे विशेषण बनले. पुढे ती बाउसेरोसियात गेली. ब्रॉयन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर २०१७ मध्ये या संपूर्ण समूहाचा समावेश कंदीलपुष्पांच्या सेरोपेजिया या प्रजातीत करावा असे सुचविले. अनेकांना ते मान्य नाही.

या प्रवासात खरा वाद वनस्पतीविषयी नव्हता, प्रजातीच्या प्रयोजनाविषयी होता. प्रजातीने डोळ्यांना दिसणारे वेगळेपण नोंदवावे, असे मानल्यास फ्रेरिया टिकते. प्रजातीने पूर्वजांचे नाते नोंदवावे, असे मानल्यास ती दुसऱ्या फांदीत विलीन होते. दोन्ही अपेक्षा एकाच नावाकडून पूर्ण होत नाहीत. संवर्धनाच्या दृष्टीने याचे परिणाम दुहेरी आहेत. 'एकमेव जातीची प्रजाती' या बिरुदामुळे वनस्पतीकडे लक्ष वेधले जाते. ते बिरुद गेल्यावर तिचे मोल कमी झाले असे वाटण्याचा संभव असतो. वास्तविक कड्यावरील रोपांची संख्या नामांतराने घटत नाही किंवा वाढतही नाही. संरक्षण जातीचे आणि तिच्या अधिवासाचे करावयाचे असते. शिवाय जुन्या-नव्या नावांची सांगड न घातल्यास एकाच वनस्पतीच्या नोंदी दोन-तीन नावांखाली विखुरतात, हा व्यावहारिक धोका वेगळाच.

७. एक आक्षेप

येथे असा आक्षेप घेता येईल की, जाती तरी कोठे निर्विवाद आहे? अलैंगिक प्रजनन करणाऱ्या जीवांना मायर यांची कसोटी लागू पडत नाही; वनस्पतींत संकर विपुल आढळतो; जीवाश्मांत प्रजनन तपासता येत नाही. बाभळीचेही अनेक उपप्रकार मानले जातात. हा आक्षेप रास्त आहे आणि जाती हे निसर्गातील निर्विकार सत्य आहे, असा दावा प्रस्तुत लेखात केलेला नाही. परंतु दोन्ही पायऱ्या सारख्याच संदिग्ध आहेत, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. जातीविषयी मतभेद झाल्यास अभ्यासक पुन्हा क्षेत्रात जाऊन परागीभवन, संकर, जनुकांची देवाणघेवाण तपासू शकतात. वाद पुराव्याने पुढे सरकतो. प्रजातीविषयी मतभेद झाल्यास वंशवृक्षावर संपूर्ण एकमत असूनही तोडण्याच्या जागेविषयीचा वाद शिल्लक राहतो.

मग प्रजाती ही पायरी काढूनच टाकावी काय? फायलोकोड या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पर्यायी नियमावलीने पायऱ्यांना निर्णायक महत्त्व दिलेले नाही; परंतु जातींच्या नावांचे नियमन तिनेही आपल्याकडे घेतलेले नाही. द्विपद नावाला सुटसुटीत पर्याय सापडलेला नाही, हे त्यावरून दिसते. 'पँथेरा' म्हटले की वाघ, सिंह, बिबट्या ही भावंडे एकत्र डोळ्यांसमोर येतात. स्मरणाची ही सोय लहान नाही. प्रजाती टाकून देण्याची गरज नाही. ती नेमकी काय आहे, हे सांगण्याची गरज आहे.

समारोप

वरील विवेचनातून अध्यापनाच्या दृष्टीने तीन गोष्टी सुचतात. पहिली, परिभाषेची शिस्त : महाविद्यालयीन लेखनात आणि प्रश्नपत्रिकांत 'प्रजाती' व 'जाती' हे शब्द ठरलेल्या अर्थानेच वापरावेत आणि वर्तमानपत्रातील वेगळा वापर विद्यार्थ्यांच्या निदर्शनास आणून द्यावा. दुसरी, क्रमाची उलटापालट : जाती आधी शिकवावी, प्रजाती नंतर, कारण जातींचे निरीक्षण होते आणि प्रजाती त्यांच्या नात्यांवरून ठरविली जाते. तिसरी, शास्त्रीय नावापुढील कंसाकडे लक्ष वेधणे. व्हॅचेलिया निलोटिका या नावापुढे लिनीअसचे संक्षिप्त नाव कंसात असते. त्याने वर्णिलेली जाती नंतर दुसऱ्या प्रजातीत हलविली गेली, याची ती खूण होय. प्रजातीचे मत बदलते, जातीची ओळख टिकते, हा संपूर्ण लेखाचा आशय त्या लहानशा कंसात आहे आणि तो बहुतेक विद्यार्थी न वाचताच पुढे जातात.

प्रारंभी उल्लेखिलेल्या उत्तरपत्रिकेतील चुकीला आजही पूर्ण गुण देता येणार नाहीत. तथापि 'प्रजातीची अशी व्याख्या का करता येत नाही?' हा पुढचा प्रश्न आपण वर्गात कधी विचारला होता काय, हे शून्य लिहिण्यापूर्वी शिक्षकाने स्वतःलाही विचारावयास हवे.